मायकेल फॅरेडे : लोखंडी कड्यापासून मेंदूपर्यंत

नैराश्यावरील औषधे लागू पडेनाशी झाली की मानसोपचारतज्ज्ञ अलीकडे एका वेगळ्या उपचाराचे नाव काढतात. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन असे त्याचे लांबलचक नाव, व्यवहारात टीएमएस. कवटी न उघडता, भूल न देता, डोक्याबाहेर धरलेल्या चुंबकीय साधनाने मेंदूचा एखादा भाग चेतवणे, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई-पुण्यातील काही केंद्रांतही हा उपचार मिळतो. मात्र रुग्णाच्या हाती पडणाऱ्या माहितीपत्रकात कॉइल, पल्स, टेस्ला, मोटर थ्रेशोल्ड, शॅम असे शब्द एकामागून एक येतात आणि आधीच खचलेला माणूस आणखी बिचकतो. त्याचे नातेवाईक तर चुंबक म्हटल्यावर विजेचे झटके तरी समजतात किंवा जत्रेत विकली जाणारी चुंबकाची कडी तरी.

या शब्दांपैकी बऱ्याच शब्दांचे मूळ एकाच माणसाच्या आयुष्यात सापडते. त्याने मेंदूवर कधी उपचार केले नाहीत. तो डॉक्टर नव्हता, पदवीधरही नव्हता. पुस्तक बांधणीच्या दुकानात उमेदवारी करून तो वाढला आणि पुढे ज्या तत्त्वावर जगातील बहुतेक वीजनिर्मिती केंद्रे चालू लागली तेच तत्त्व या यंत्रामागेही आहे. त्याचे नाव मायकेल फॅरेडे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेकडील न्यूइंग्टन बट्स या वस्तीत मायकेलचा जन्म झाला. वडील जेम्स लोहारकाम करीत. प्रकृती तोळामासा असल्याने कामात सातत्य नसे. चार भावंडांत मायकेल तिसरा. धान्य महागले त्या १८०१ साली त्याला आठवड्याला एक पाव मिळे आणि तोच पुरवून खावा लागे. कुटुंब सँडेमानियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे. धनसंचय करू नये, मानमरातबाच्या मागे लागू नये, ही त्या पंथाची शिकवण मायकेलने अखेरपर्यंत पाळली. लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब यापलीकडे शाळेने त्याला काही दिले नाही.

१८०४ साली ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकाच्या दुकानात तो हरकाम्या म्हणून लागला. भाड्याने दिलेली वर्तमानपत्रे घरोघर पोचवायची आणि परत आणायची, हे त्याचे पहिले काम. वर्षभरात मालकाने त्याला सात वर्षांच्या उमेदवारीवर घेतले. बांधणीला येणारी पुस्तके हा मुलगा वाचूही लागला. ब्रिटानिका ज्ञानकोशातील विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंनी सामान्य वाचकांसाठी लिहिलेले रसायनशास्त्राचे संवादरूप पुस्तक, या दोहोंनी त्याला झपाटले. वाचलेले खरे की खोटे हे तो जमेल तेवढ्या सामानात स्वतः करून पाहू लागला. भाऊ रॉबर्ट लोहारकाम करी. व्याख्यानाचा एक शिलिंग त्याने दिला तेव्हा मायकेल जॉन टेटम यांच्या विज्ञानवर्गाला जाऊ शकला. रिबो यांच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. पण उमेदवाराने कामाच्या वस्तू वाचाव्यात आणि दुकानातच प्रयोग मांडावेत हे खपवून घेणारा मालक त्या काळात सहज भेटत नसे.

१८१२ मध्ये दुकानाच्या विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. मायकेलने चार व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, आकृत्या काढल्या, ती सुबक बांधली आणि वर्षअखेरीस नोकरीच्या विनंतीसह डेव्हींकडे पाठवली. सुमारे तीनशे पानांचे ते बाड होते. याच सुमारास प्रयोगशाळेतील स्फोटात डेव्हींच्या डोळ्याला इजा झाली आणि काही दिवस त्यांचा लेखनिक म्हणून मायकेलला काम मिळाले. पुढे प्रयोगशाळेतील मदतनिसाला मारामारीवरून काढून टाकण्यात आले आणि १ मार्च १८१३ रोजी ती जागा फॅरेडे यांना मिळाली. आठवड्याला एक गिनी पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, जळण आणि मेणबत्त्या. त्यांच्या आयुष्याची पुढली जवळजवळ पन्नास वर्षे याच इमारतीत गेली.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ते डेव्ही दांपत्याबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाले. दीड वर्षाच्या या प्रवासात ॲम्पियर आणि व्होल्टा यांच्या भेटी झाल्या आणि लेडी डेव्हींकडून नोकरासारखी वागणूकही मिळाली. पुढे गुरू-शिष्यांतही बिनसले. १८२१ मध्ये विद्युतधारा वाहणारी तार चुंबकाभोवती फिरत राहते हे फॅरेडे यांनी दाखवले. विजेच्या मोटारीचा हा पहिला अंकुर. परंतु वुलस्टन यांच्या कल्पनेवर हात मारल्याचा आरोप त्यांच्यावर झाला आणि १८२४ साली रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्यांचे नाव आले तेव्हा खुद्द डेव्हींनी विरोध केला. तरीही ते निवडून आले. गुरूविरुद्ध त्यांनी जाहीरपणे कधी कटू शब्द काढल्याचे दिसत नाही. १८२१ मध्येच सारा बर्नार्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. त्यांना मूलबाळ नव्हते.

२९ ऑगस्ट १८३१ हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस. सुमारे सहा इंच व्यासाचे लोखंडाचे एक कडे त्यांनी घडवून घेतले होते. त्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेची वेटोळी, समोरच्या बाजूला वेगळ्या तारेची वेटोळी. दोहोंत कुठेही जोड नाही. वेटोळी एकमेकांना चिकटून वीज भलतीकडे जाऊ नये म्हणून मध्ये दोरा आणि कापडाचे थर. एका बाजूची तार बॅटरीला जोडायची आणि दुसऱ्या बाजूच्या तारेजवळ चुंबकसूची ठेवून बघायचे. बॅटरी जोडली त्या क्षणी सूची हलली. मग स्थिर झाली. बॅटरीतून वीज वाहत होती तोवर काहीच घडले नाही. बॅटरी तोडली आणि सूची पुन्हा हलली, यावेळी उलट दिशेने.

जोडताना आणि तोडताना, एवढेच. ज्यांनी यापूर्वी असे प्रयत्न केले होते ते वीज वाहत असताना परिणाम शोधत राहिले. परिणाम होता तो बदलाच्या क्षणात. १७ ऑक्टोबरला फॅरेडे यांनी तारेच्या पोकळ वेटोळ्यात नुसता चुंबक आतबाहेर केला आणि तरीही वीज निर्माण झाली. चुंबक आत नेऊन तसाच ठेवला तर काही नाही. २८ ऑक्टोबरला एका मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून त्यांनी सतत वाहणारी धारा मिळवली. विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणून शाळेत आपण जे शिकतो ते हेच. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहक पदार्थात वीज उत्पन्न होते आणि बदल जितका वेगवान तितकी ती जोरदार.

टीएमएसचे यंत्र समजून घ्यायचे तर या कड्याकडे पुन्हा बघावे. कॉइल म्हणजे पहिल्या बाजूची तार, प्लास्टिकच्या आवरणात बसवलेली. दुसऱ्या बाजूच्या तारेच्या जागी आहे मेंदू. मेंदूतील पेशी आणि द्रव क्षारयुक्त असल्याने वीज वाहून नेऊ शकतात. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला नाही. म्हणून हाडापलीकडे पोचते ते क्षेत्र आणि वीज उत्पन्न होते ती आत, मेंदूच्या पृष्ठभागावर. पल्स म्हणजे त्या कड्यावरचे जोडणे-तोडणेच. यंत्रातील कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम कॉइलमध्ये सोडली जाते, हजारो अँपियरची धारा मिलिसेकंदाहूनही कमी काळ वाहते आणि संपते. प्रत्येक वेळी टक असा मोठा आवाज होतो. कानात बोळे घालायला सांगतात ते त्यासाठी. कपॅसिटरची क्षमता ज्या एककात मोजतात ते फॅरड हे एकक फॅरेडे यांच्याच नावावरून आले आहे. टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक. या यंत्रांत साधारण दीड ते दोन टेस्लाचे क्षेत्र निर्माण होते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस-चाळीस हजार पट. अर्थात ते क्षणभरच, आणि कॉइलपासून थोडे दूर गेले की झपाट्याने ओसरते. नेहमीच्या कॉइलचा प्रभाव दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत पोचतो.

बाजारात मिळणारी चुंबकाची कडी आणि उशा यांचाही निकाल इथेच लागतो. मनगटावरचा चुंबक तसाच बसून असतो. १८३१ च्या प्रयोगातील स्थिर चुंबकाने सूची जशी हलली नाही, तसा तोही मज्जातंतूत वीज उत्पन्न करीत नाही. नावात चुंबक आहे म्हणून दोन्ही एकाच माळेचे मणी ठरत नाहीत.

फॅरेडे यांना उच्च गणित येत नव्हते आणि ते ही उणीव लपवीतही नसत. कदाचित त्यामुळेच योग्य शब्दांची त्यांना फार काळजी असे. विद्युत अपघटनाचे नियम मांडताना जुनी भाषा चुकीचे चित्र उभे करते, असे त्यांच्या लक्षात आले. धातूच्या टोकांना ध्रुव म्हटले की ती टोके चुंबकासारखी ओढतात असा समज होई. तेव्हा केंब्रिजचे विद्वान विल्यम व्हेवेल आणि अन्य मित्रांशी पत्रव्यवहार करून त्यांनी ग्रीक धातूंवरून नवे शब्द घडवून घेतले. इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द १८३४ मध्ये असे रूढ झाले. मराठी पाठ्यपुस्तकांतील धनाग्र आणि ऋणाग्र ही त्यांचीच रूपे. मेंदूच्या दालनातही त्यांचा मुक्काम आहे. डोक्याला दोन इलेक्ट्रोड लावून अगदी मंद वीज सोडण्याची टीडीसीएस नावाची पद्धत आहे, तिच्यात कोणत्या भागावर अॅनोड आणि कोणत्या भागावर कॅथोड याला महत्त्व असते. टीएमएसमध्ये मात्र डोक्याला इलेक्ट्रोड लावून वीज सोडत नाहीत. नवख्या वाचकाची सर्वाधिक गल्लत या दोहोंत होते.

घर्षणाची वीज, बॅटरीची वीज आणि प्राण्याच्या शरीरातील वीज वेगवेगळ्या आहेत की एकच, हा वाद तेव्हा जुनाच होता. १८३८ मध्ये लंडनच्या ॲडलेड गॅलरीत दक्षिण अमेरिकेहून आणलेला जिवंत विद्युत मासा ठेवला होता. फॅरेडे यांनी त्याच्या अंगावर हात ठेवून धक्के घेतले, एक हात डोक्याकडे आणि एक शेपटाकडे धरला की धक्का सर्वांत जोरदार बसतो हे टिपले, त्याच्या विजेने ठिणगी पाडली आणि रासायनिक क्रियाही घडवली. सजीवातील वीज ही वीजच, कोणी गूढ शक्ती नव्हे, असा त्याचा अर्थ. मज्जातंतूंना बाहेरून चेतवता येते या विचाराला याने भक्कम पाया मिळाला.

यानंतरची काही वर्षे चरित्रकार बहुधा घाईने ओलांडतात. १८३९ च्या अखेरीस फॅरेडे आजारी पडले. चक्कर, डोकेदुखी, विस्मरण आणि मनाची मरगळ यांनी त्यांना ग्रासले. पुढली चार-पाच वर्षे मूलभूत संशोधन जवळजवळ थांबले. १८४१ मध्ये पत्नी आणि मेहुण्यासोबत ते स्वित्झर्लंडला गेले. तेथील डोंगरांत दिवसाला कित्येक मैल चालण्याइतके शरीर धडधाकट होते. थकले होते ते डोके. विस्मरणाची तक्रार त्यांच्या पत्रांत पुढे अखेरपर्यंत येत राहिली. आधी केलेला प्रयोग आठवत नसे, वाचलेले पुसले जाई. प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या वाफेला कोणी दोष देतात, कोणी अतिश्रमाला. दीडशेहून अधिक वर्षांनी दुरून निदान करणे बरे नव्हे आणि त्यांच्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राने ते बरे झाले असते, असे म्हणणे तर शुद्ध कादंबरी होईल. पण स्मृतीवर विसंबता येत नाही, हे ओळखून त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. प्रयोगांच्या रोजनिशीतील प्रत्येक परिच्छेदाला ते क्रमांक घालीत. हे क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले. कोणता प्रयोग कुठे लिहिला आहे हे मेंदूने विसरले तरी वही सांगे.

१८४५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. १३ सप्टेंबरला जड काचेतून जाणाऱ्या प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे त्यांनी दाखवले. काही आठवड्यांतच बहुतेक सर्व पदार्थांवर चुंबकाचा काही ना काही प्रभाव पडतो, असे प्रयोगांनी सिद्ध केले. याच काळात त्यांच्या रोजनिशीत चुंबकीय क्षेत्र हा शब्द येतो. चुंबक आणि वस्तू यांमधली जागा रिकामी नसून बलरेषांनी भरलेली आहे, ही कल्पना गणितज्ञांना तेव्हा बाळबोध वाटली. पुढे जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी तिला समीकरणांचे रूप दिले. आज तंत्रज्ञ कॉइल डोक्यावर किंचित तिरकी धरतो, कारण क्षेत्राची दिशा आणि मज्जातंतूंची ठेवण यांचा मेळ बसावा लागतो. डोळ्यांपुढे बलरेषा आणल्याशिवाय ते कळत नाही. आठच्या आकड्यासारखी दुहेरी कॉइल १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली तीही याच हिशेबाने. दोन वर्तुळे जिथे मिळतात तिथे क्षेत्रांचा प्रभाव एकवटतो आणि मेंदूचा नेमका भाग साधता येतो.

१८५३ साली लंडनमध्ये टेबल फिरवण्याचे वेड पसरले. माणसे टेबलावर हात ठेवून बसत, टेबल सरके आणि आत्मे आल्याची आवई उठे. कोणी विजेचे नाव घेई, कोणी चुंबकाचे. फॅरेडे यांनी पुठ्ठ्यांचे थर मऊ डिंकाने एकमेकांवर बसवून हाताखाली ठेवले. टेबल आधी सरकते की हात, हे त्यातून कळणार होते. आधी सरकत होते ते हात. बसणारे प्रामाणिक होते. आपण ढकलतो आहोत याची त्यांना जाणीवच नव्हती. हाताची हालचाल दाखवणारी काडी त्यांच्या डोळ्यांसमोर आली की टेबल ठप्प. हे सारे त्यांनी टाइम्सला पत्र लिहून जाहीर केले.

टीएमएसच्या शब्दसंग्रहातील शॅम हा शब्द याच जातीचा. शॅम म्हणजे बनावट कॉइल. दिसायला तशीच, आवाज तसाच, पण मेंदूपर्यंत परिणामकारक क्षेत्र पोचत नाही. उपचाराने बरे वाटले की उपचार होतो आहे या भावनेने, हे वेगळे काढण्यासाठी काही रुग्णांवर खरी आणि काहींवर शॅम कॉइल वापरतात. कोणाला कोणती हे रुग्णाला सांगत नाहीत. या उपचाराविषयीचा कोणताही दावा वाचताना शॅमशी तुलना केली होती का, हा पहिला प्रश्न विचारावा.

मान त्यांनी नाकारले. सरदारकी नको म्हटले, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. दीपगृहांच्या सल्लागाराचे काम मात्र अनेक वर्षे केले आणि मुलांसाठीच्या नाताळच्या व्याख्यानमालांपैकी एकोणीस एकट्याने दिल्या. त्यांतली मेणबत्तीवरची व्याख्याने पुस्तकरूपाने आजही वाचली जातात. १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हॅम्प्टन कोर्टजवळ राहायला घर दिले. स्मृती ढासळत गेली तशी एकेक जबाबदारी त्यांनी सोडली. १८६२ मध्ये शेवटचे शुक्रवारचे व्याख्यान दिले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्या घरी त्यांचे निधन झाले. हायगेट दफनभूमीत साध्या शिळेखाली ते विसावले आहेत.

त्यांच्या हयातीतच फ्रान्समधील डॉक्टर द्युशेन प्रवर्तित विजेने स्नायू चेतवीत होते आणि त्या पद्धतीला फॅरेडायझेशन असे नाव पडले होते. १८७३ मध्ये डेव्हिड फेरिअर यांनी इंग्लंडमध्ये प्राण्यांच्या उघड्या मेंदूवर अशीच वीज लावून कोणत्या भागाने कोणता अवयव हलतो याचा नकाशा काढायला घेतला. १८९६ मध्ये फ्रान्सचे दार्सोन्वाल यांनी मोठ्या कॉइलमध्ये डोके ठेवले की डोळ्यांपुढे प्रकाश लुकलुकतो, असे नोंदवले. १९१० मध्ये सिल्व्हानस थॉम्प्सन यांनीही तोच अनुभव प्रसिद्ध केला. फॅरेडे यांचे एक उत्तम चरित्र १८९८ मध्ये लिहिणारे थॉम्प्सन ते हेच. मात्र क्षणात प्रचंड धारा सोडणारे यंत्र मिळायला पाऊण शतक जावे लागले. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी डोक्यावर कॉइल धरून एक पल्स दिली आणि समोरच्या माणसाच्या हाताचा स्नायू उडाला. वेदना झाली नाही.

मोटर थ्रेशोल्ड तो हाच. हात हलवणाऱ्या भागावर कॉइल धरून तीव्रता कमी-जास्त करतात; दहापैकी निदान पाच पल्सना हाताचा स्नायू उडेल अशी किमान तीव्रता म्हणजे त्या व्यक्तीचा थ्रेशोल्ड. तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि उपचाराची मात्रा त्याच्या टक्क्यांत ठरते. नैराश्याच्या नेहमीच्या उपचारात ती १२० टक्के ठेवतात. एकेक पल्स देणे ही तपासणी. ठरावीक गतीने पल्सची मालिका देणे म्हणजे रिपिटिटिव्ह टीएमएस, आणि उपचार म्हणतात तो हा. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती पल्स. ढोबळमानाने १ हर्ट्झची मंद गती त्या भागाची उत्तेजनशीलता घटवते. ५ हर्ट्झ व त्याहून वेगवान गती वाढवते, पण माणसामाणसात फरक पडतो. नैराश्यात बहुधा कपाळामागच्या डाव्या भागावर १० हर्ट्झने मालिका देतात. चार सेकंद पल्स, मग विश्रांती, असे एकूण ३००० पल्स. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. थीटा बर्स्ट या २००५ मध्ये पुढे आलेल्या पद्धतीत तीन-तीन पल्सचे झुबके देतात आणि ६०० पल्स तीन-साडेतीन मिनिटांत उरकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अशा यंत्राला प्रथम मंजुरी दिली.

सर्वांनाच गुण येतो असे नाही. डोके दुखणे, टाळूवर टोचल्यासारखे होणे हे नेहमीचे त्रास; फिट येण्याचा धोका अल्प, पण आहे. डोक्यात किंवा डोक्याजवळ धातूची क्लिप असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, किंवा पूर्वी फिट आल्या असतील, तर ते खुर्चीत बसण्याआधीच डॉक्टरांना सांगावे लागते.